बांधावर धावू नये

१ जानेवारी १९९४, शनिवार. पहाटे ५

कंपनीची नवी डायरी. पहिलं पान. आजपासून रोज धावणार. उगाच नाही, पूर्ण विचार करून ठरवलंय. कारणं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मन डगमगणार नाही. स्टॅमिना. पोट. स्टोअरकीपरची नोकरी म्हणजे दिवसभर खुर्ची, माणसाचा भोपळा होतो. शिवाय मनाली चौदा वर्षांची झाली, पोरीसमोर बापाचा काहीतरी आदर्श पाहिजे.

यंदा मला पंचेचाळीस पूर्ण होतील. आमचे आबा, म्हणजे वडील, पंचेचाळिसाव्या वर्षी बांधावर धावता धावता छाती फुटून गेले. त्याचा आणि माझ्या धावण्याचा काहीही संबंध नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

५.२०. बाहेर डोकावलो. गारठा आहे. अंगणात कुत्रं आहे, आपलं नव्हे. उद्यापासून. उद्या रविवार, वारही चांगला.

२ जानेवारी, रविवार. सकाळी १०

धावलो. धावलो ते धावलो, पण काय झालं ते लिहायलाही हात धजत नाही.

आमचं गाव वडखळच्या पलीकडे, खाडीला लागून. एकीकडे खाडी, दुसरीकडे भातशेती, मधे मातीचा बांध. सपाट, मऊ, ट्रक नाही, टेम्पो नाही. मनात म्हटलं, एवढा फर्स्टक्लास ट्रॅक दारात असताना गावात कोणी धावत कसं नाही?

आता कळलं. कळलं म्हणजे लहानपणापासून माहीतच होतं, फक्त ऐन वेळी आठवलं नाही. आमच्यात बांधावर माणूस चालतो, बसतो, गळ टाकतो, भांडतो. धावत नाही. बांधावर कोणी धावताना दिसला म्हणजे खांड पडली, बांध फुटून खाडी आत आली. मग विचारत कोणी बसत नाही. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन वर्षं भाताचं नाव घ्यायचं नाही.

मी मजेत उघाडीच्या, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या, दारांपर्यंत पोचलो आणि सहज मागे पाहिलं. अख्खा गाव माझ्यामागे. फावडी, घमेली, पेंढ्याचे भारे. गोदूबाई सत्तरीची, ती खाटेची फळी घेऊन निघालेली. एवढी माणसं हत्यारं घेऊन आपल्यामागे धावत येताना पाहिली तर कोणीही घाबरेल. मी जोरात पळालो. मी जोरात पळालो म्हणून ते आणखी जोरात आले.

शेवटी जनूकाकांनी गाठलं. जनूकाका म्हणजे गावचे पंच, आबांचे दोस्त. धापा टाकत विचारलं, खांड कुठं हाय? मी म्हटलं, व्यायाम करतोय. त्यांनी पुन्हा विचारलं, काय करतंस? मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी फावडं चिखलात रोवलं आणि सगळ्यांना खाली बसायला सांगितलं.

तिथल्या तिथे गावकी भरली. ठराव: खांड पडल्याशिवाय बांधावर कोणी धावायचं नाय. मला दंड, गावदेवीला एक नारळ आणि एक कोंबडा. कोंबडा चंद्रावतीने, म्हणजे माझ्या बायकोने, शिमग्यासाठी राखला होता. ती बोलत नाही. आई म्हणाली, तुला काय पडलंय रं धावायचं? आणि तोंड फिरवून चुलीत फुंकर घालत बसली.

१० जानेवारी, सोमवार. रोहा

ट्रॅक बदलला. कंपनीची बस रोह्याला पोचते तेव्हा पहिल्या शिफ्टला थोडा अवकाश असतो. कुंडलिकेच्या काठाने धावायचं. नदीला बांध नाही, गावकी नाही.

टाइम ऑफिसचा दत्तात्रेय बरोबर आला. त्याला सगळ्यातलं कळतं. म्हणाला, धावताना डावा हात जड होतो का बघ, झाला तर लगेच बस. तोपर्यंत माझं डाव्या हाताकडे लक्षच नव्हतं. आता दुसरीकडे लक्ष जात नाही. हात जड वाटला. बसलो. मग दत्तात्रेय म्हणाला, डबा त्याच हातात आहे तुझ्या. तरी रिस्क कशाला घ्या. उरलेलं अंतर रिक्षाने आलो.

२७ जानेवारी, गुरुवार

मनाली तालुक्याच्या स्पर्धेत पहिली आली. पेणला मैदानावर सगळ्यांना मागे टाकलंन म्हणे. स्टीलचा डबा मिळाला. अनवाणी धावली. मी माझे नवे कॅनव्हासचे बूट हळूच खाटेखाली सरकवले.

तिला विचारलं, तू कशासाठी धावतेस? एवढा वेळ डोकं खाजवलंन आणि म्हणाली, मज्या येते. पोरांना विचार करायची सवय नाही हल्ली. मग तिने मला विचारलं, बाबा, तुम्ही कशाला धावता? मी स्टॅमिनापासून सुरुवात केली. ती म्हणाली, पण तुम्ही धावताना सारखे मागं बघता. मी म्हटलं ते टेक्निक आहे.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

पेणला डॉक्टरांकडे गेलो. सहज. जाता जाता. छातीला वायरी लावून पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, घोड्यासारखं हार्ट आहे तुमचं, जा घरी. घोडेही मरतात. शिवाय मशीन जुनं वाटलं, घरघर करत होतं. मी म्हटलं, जिभेखाली ठेवायची ती गोळी द्या. म्हणाले, कशाला? आता कशाला हे डॉक्टरलाच कळत नसेल तर आपण काय सांगणार.

दत्तात्रेयाच्या सासऱ्यांना ती गोळी चालू आहे. त्याने एक आणून दिली. कागदाच्या पुडीत, शर्टाच्या खिशात ठेवली आहे. खिशाला हात लावला की बरं वाटतं.

२५ एप्रिल, सोमवार. रात्री

गावदेवीची पालखी झाली. पालखी सगळ्यात आधी आमच्या दारात थांबते, पाटलांच्याही आधी. हा मान आबांमुळे. आई नव्या लुगड्यात उंबऱ्यापाशी उभी होती. वर्षातून एवढा एकच दिवस ती ताठ उभी राहते.

जनूकाकांचं भाषण झालं. आबांवर, म्हणजे गुणाजीवर, दर वर्षी तेच असतं. गुणाजीनं खांड बघितलन, बांधावरना धावत सुटला, गाव जागा केलान, खाडी अडली आणि गुणाजी तिथंच पडला. वय पंचेचाळीस. दर वर्षी मी हे ऐकतो आणि दर वर्षी 'तिथंच पडला' म्हटल्यावर माझा हात आपोआप छातीवर जातो. मी तेव्हा तीन वर्षांचा. मला आबांचा चेहरा आठवत नाही. एवढंच ठाऊक की माझी छाती त्यांच्यावर गेली आहे. असं सगळे म्हणतात, कौतुकानेच म्हणतात.

भाषणाच्या शेवटी जनूकाका माझ्याकडे वळले. म्हणाले, नाथा, यंदा उधाणाला बांधावर पाळी तुजी. दर घरातून एक माणूस पाळीला जातो, हा नियम. मी सतरा-अठरा पावसाळे सेकंड शिफ्ट दाखवून टाळली. टाळली म्हणजे कंपनीची अडचण होती. पण यंदा उधाण पडतंय गटारीच्या रविवारी आणि रविवारी कंपनी बंद. हे जनूकाकांनी कॅलेंडर बघून ठरवलं असणार. म्हातारा महाबिलंदर आहे.

म्हणजे यंदाच. पंचेचाळिसाव्यालाच.

काही नाही. एवढ्याचसाठी तर ट्रेनिंग चालू आहे. चाललेलं नाही, पण चालू करता येईल.

१ जून, बुधवार

वाढदिवस. पंचेचाळीस पूर्ण. पण ही शाळेतली तारीख, मास्तरांनी वर्गातल्या अर्ध्या पोरांना एक जूनच लावला होता. खरी तारीख आईला विचारली. म्हणाली, लावणी चालू व्हती. कितवी तारीख ते कोन बघतंय, चिखलातना घरी आले नि तू झालास. लावणी म्हणजे अख्खा जुलै. म्हणजे महिनाभर रोजच धोका धरून चालायला हवं.

चंद्रावतीने शेवयांची खीर केली. मी अर्धी वाटी खाल्ली. तुपामुळे. ती म्हणाली, अहो, तुम्हाला झालंय तरी काय? मी म्हटलं, डाएट.

१२ जुलै, मंगळवार

नागोठण्याला पाणी भरलं. कंपनीची बस अर्ध्या वाटेवरून परत. पावसात धावणं म्हणजे न्यूमोनियाला आमंत्रण, म्हणून ओटीवर जागच्या जागी धावलो. आईने बघितलं आणि विचारलं, मुंग्या चावल्या काय रं? मनाली हसली. मग तीही शेजारी उभी राहून जागच्या जागी धावायला लागली. मी थांबलो, ती चालूच. धाप नाही, काही नाही, वर गाणं म्हणत होती. मी दाराला टेकून छातीवर हात ठेवून मोजत होतो. ठोके बरोबर होते. फार बरोबर होते, त्याचीच शंका आली.

५ ऑगस्ट, शुक्रवार

दत्तात्रेयाला म्हटलं, रविवारी मला ओव्हरटाइम लाव. म्हणाला, कंपनी बंद, फक्त वॉचमन असतो. मी म्हटलं, वॉचमन म्हणून लाव. तो हसत सुटला. पूर्ण टाइम ऑफिसला सांगितलं. लोकांना दुसऱ्याच्या कामाच्या निष्ठेचं काही वाटत नाही.

झोप नाही. गोळी खिशात आहे. पुडी घामाने ओली झाली आहे, गोळी बरी असावी.

७ ऑगस्ट, रविवार. सकाळी ९

गटारी. उद्यापासून श्रावण, म्हणून गावात घरोघरी आज कोंबडी. मागच्या आळीतून वाटणाचा वास येतोय. लोक किती निवांत असतात. माझी पाळी अकरापासून, भरती साधारण एकच्या सुमारास चढणार. अमावास्येचं उधाण, वर पाऊस.

मी अजिबात घाबरलेलो नाही. मनाला शांतपणे सांगितलं आहे: नाथा, बांधाला या वर्षी मागेच नवी माती घातली आहे. खांड पडायचा प्रश्नच नाही. तुला फक्त छत्री धरून उभं राहायचं आहे. धावायची वेळ येणार नाही. आणि आलीच तर हळू धावायचं.

दुपारी. वेळ माहीत नाही

भाताच्या कणगीच्या मागे बसलो आहे. दाराला आतून कडी आहे. डायरी हातात कशी आली माहीत नाही, पेन मनालीचं आहे.

उघाडीच्या पुढे आतल्या बाजूला चिखल शिजल्यासारखा उकळत होता. आधी वाटलं खेकड्याचं बीळ. मग बीळ मोठं झालं. मग बांधाचा बैलाएवढा तुकडा माझ्या डोळ्यादेखत बसला आणि खाडी आत वळली. आवाज मोठा नव्हता. म्हणून जास्त भीती वाटली.

ओरडायचं ठरवलं, तोंडही उघडलं. मग पाय सुटले. मी सोडले नाहीत, सुटले. छत्री टाकली. आयुष्यात असा धावलो नाही. सगळा वेळ एकच डोक्यात, आता पडणार, इथे पडणार, आबा याच वळणावर पडले असतील. देवळाजवळून आलो, आळीतून आलो, कोणाशी बोललो नाही. ओटीवर कोणीतरी तांदूळ निवडत होतं, सूप उडालं. आत शिरलो, कडी लावली.

दार कोणीतरी वाजवलं. उघडलं नाही.

गोळी जिभेखाली ठेवायला गेलो तर पुडीचा आणि गोळीचा लगदा झाला होता. कागदासकट ठेवली. मला मरायचं नाही. मनाली लहान आहे. मला कोणाचं नाव राखायचं नाही, मला मान नको, पालखी पाटलांकडे आधी जाऊ दे. मला मरायचं नाही.

आई चुलीपाशी आहे. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. तांब्याभर पाणी माझ्यापुढे ठेवलं आणि परत जाऊन बसली.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७

जिवंत आहे.

झालं असं. मी बांधावरून धावताना लोकांनी पाहिलं. गावकीचा ठराव सगळ्यांच्या ध्यानात होता, खांड पडल्याशिवाय बांधावर कोणी धावायचं नाय. नाथा धावतोय म्हणजे खांड. अर्धी जेवणं टाकून, हात न धुता, अख्खा गाव बांधावर. काहींना नीट चालता येत नव्हतं, गटारी होती, तरी गेले. पेंढा, फळ्या, माती, माणसांची रांग. ओहोटी लागायच्या आत खांड बुजवली. चार-पाच वावरांत पाणी आलं, बाकी गावाचं भात वाचलं.

मग सगळे वाजत-गाजत आमच्या दारात. मी कडी काढली. जनूकाका नखशिखांत चिखलात, त्यांनी मला मिठी मारली आणि रडले. म्हणाले, बापाचं नाव राखलंस रं पोरा. मला खांद्यावर घेतलं. मी काही बोललो नाही. खरं म्हणजे कागद अजून जिभेखाली होता.

शांतपणे विचार केला तर मी केलं ते योग्यच होतं. बांधावर ओरडण्यात दम घालवला असता तर उशीर झाला असता. आणि घरी मी आलो तो फावडं न्यायला. हे नक्की. चंद्रावतीला तसं सांगितलं. ती म्हणाली, फावडं बाहेरच्या भिंतीला असतं, वीस वर्षं तिथंच हाय.

९ ऑगस्ट, मंगळवार

आज आई ओटीवर वाल सोलत होती. मी शेजारी बसलो होतो. तिने मान वर न करता सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

तुजा बापूस पन असाच आलता. कणगीमागंच बसलावता, तू बसलास तिथंच. मी तांब्या दिलेला. दात वाजत व्हते त्याचे. लोकांनी त्याला पलताना बघितलानी आणि जाऊन बांध बांधलानी. मग नाचवत नेलानी त्याला.

मी विचारलं, आणि मग तिथेच पडले ते? आई म्हणाली, कुठं पडला? दिवालीपतूर चांगला व्हता. काविलीनं गेला. मी म्हटलं, जनूकाका तर दर वर्षी सांगतात. म्हणाली, जनू आधी म्हनायचा, त्याच साली गेला. मग म्हनाया लागला, त्याच महिन्यात. मग तिथंच. भाषन आहे, बरं वाटतं ऐकाया.

मी विचारलं, वय तरी पंचेचाळीस? ती म्हणाली, वय कोनी मोजलं व्हतं? जनूच म्हनला.

एवढी वर्षं मी रोज रात्री छातीवर हात ठेवून झोपलो. तिला म्हटलं, आई, मला सांगायचं तरी. तिने वालाचं साल खाली टाकलं. म्हणाली, रांडमुंड बाई मी, पदरात तू. वर्साचा एक दिवस गाव माझ्या दारात येऊन हात जोडायचा. काय सांगनार व्हते, माझा नवरा घाबरट व्हता? आणि मग म्हणाली, पन चांगला व्हता रं. घाबरला तरी घराकडंच धावला, दुसरीकडं नाय गेला.

मी उठून परसात गेलो. बराच वेळ रडलो. कांदा चिरत नव्हतो.

१५ ऑगस्ट, सोमवार

शाळेत झेंडावंदनानंतर माझा सत्कार. शाल, नारळ. जनूकाकांचं भाषण. आबा आणि मी, दोघांची गोष्ट एकत्र केली आहे आता, ऐकायला खरंच बरी वाटते. आई पहिल्या रांगेत, ताठ. मला वाटलं उठून खरं सांगावं. उठलोसुद्धा. लोकांना वाटलं मी नम्रपणे नमस्कार करतोय. टाळ्या वाजल्या. मग बसलो.

कबूल करायला हरकत नाही, मन हलकं झालं आहे. छाती माझी आहे, आबांची नाही. सकाळी दोन वाट्या खीर खाल्ली. आता भीतीचं कारण राहिलं नाही, तेव्हा धावण्याचंही राहिलं नाही. कॅनव्हासचे बूट दत्तात्रेयाला देऊन टाकणार.

शेवटी जनूकाकांनी ठराव वाचला. नाथासारखा माणूस गावाला असताना बाकीच्यांनी पाळ्या कशाला करायच्या? यापुढं दर उधाणाला, दर पावसाळ्यात, बांधावर नाथाच. आजन्म. पुन्हा टाळ्या. सगळ्यात जोरात गोदूबाईच्या.

२१ ऑगस्ट, रविवार. नारळी पौर्णिमा. सकाळी १०.३०

उधाण. पाळीला निघालोय. खिशात गोळी नाही, गरजच नाही. खिशाला दोनदा हात गेला तो सवयीने. बूट अजून दिले नव्हते, तेच घातले.

मनाली बरोबर येतेय. मी म्हटलं, कशाला, भिजशील. म्हणाली, खांड पडली तर बाबा, तुम्ही तिथंच उभं राहा, गावात मी धावत जाईन. मी म्हटलं, का? माझ्यापेक्षा कोणी जोरात धावलंय का या बांधावर, अख्ख्या गावाला विचार. ती म्हणाली, व्हय, पण त्या दिवशी तांदूळ मीच निवडत होते. मी किती दार वाजवलं, तुम्ही कडी काढलीच नाय.